दुहेरी भिंगाचा कॅमेरा व आमच्या घरच्या तसबिरी

निजामी राजवटीत छायाचित्रण ही प्रथम दरबाराची गोष्ट होती. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या पदरी राजा दीनदयाळ यांच्यासारखे नामांकित छायाचित्रकार होते. परंतु नांदेड-लातूरकडील सामान्य ज्ञातिबांधवांच्या भिंतीला त्या वैभवाचा स्पर्श नव्हता. आमच्या घरांत लग्नाच्या तसबिरी लागल्या त्या पुढे, गुंडाळी-फिल्मच्या कॅमेऱ्याने.

जर्मनीत ब्राउनश्वाइग येथील फ्रांके व हायडेके यांनी १९२९ साली ‘रोलायफ्लेक्स’ हा दुहेरी भिंगाचा कॅमेरा काढला. जपानी ‘याशिका’ नंतर त्याच घाटावर निघाला. आमचे चुलते लातुरास छायाचित्रांचे दुकान चालवीत. त्यांच्यापाशी याशिकाच होता. वरच्या भिंगातून पाहावयाचे व खालच्याने चित्र घ्यावयाचे. आतील आरशामुळे माथ्यावरील काचेत प्रतिमा उभी दिसे, पण डाव्याचे उजवे होई. नवरदेव एकीकडे सरकला की काचेत तो दुसरीकडेच जाई आणि नवशिक्याची त्रेधा उडे. कॅमेरा पोटाशी धरून मान लववावी लागे. मंडपातील म्हाताऱ्या, हा मनुष्य नमस्कारच करतो आहे, असे समजत!

एका गुंडाळीत सहा सेंटिमीटर चौरसाची बाराच चित्रे निघत. अवघे लग्न बारांत बसवावयाचे, तेव्हा कोणास घ्यावे व कोणास वगळावे यावरून रुसवेफुगवे ठरलेलेच. मात्र निगेटिव्ह एवढी मोठी की, ती कागदावर थेट ठेवून काढलेल्या प्रतीतही चेहरा ओळखू येई.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. माणसे गेली, घरे गेली, तेथे तसबिरींची काय कथा! काही महिन्यांनी तिकडील एक बांधव चुलत्यांकडे आले. वडिलांचे एकही चित्र त्यांच्यापाशी उरले नव्हते. चुलत्यांनी दोन दिवस डबे उपसले. १९६८ सालच्या एका लग्नाच्या निगेटिव्हमध्ये वडील पंगतीत वाढताना सापडले. प्रत हाती पडताच ते गृहस्थ ओट्यावर बसून राहिले.

हल्ली असे कॅमेरे शौकीन लोक हौसेने विकत घेतात. निगेटिव्हांचे डबे मात्र रद्दीत जातात. चुलत्यांचा याशिकाही विकला गेला. डबे आम्ही ठेवून घेतले आहेत. त्यांतील पुष्कळ चेहरे आम्हांस ओळखता येत नाहीत. म्हणून यंदाच्या संमेलनात त्यांच्या प्रती मांडणार आहोत. वडीलधाऱ्यांनी कृपा करून चष्मे बरोबर आणावेत.