तेंपुराच्या पोटातला उपास

जपानी हॉटेलात तेंपुरा मागवला की बशीत जे येतं ते पाहून मराठी माणूस मनात म्हणतो, "ही तर भजी!" कोलंबी, रताळं, वांगं, भोपळा, सगळं पातळ पिठात बुडवून तळलेलं. फार तर आपल्या भज्यांपेक्षा अंमळ गोरं. पण या खमंग पदार्थाच्या नावात एक उपास दडला असावा, आणि तोही ख्रिस्ती. हा धागा एकदा हाती लागला की सोडवत नाही, कारण त्याचं दुसरं टोक थेट वसईत निघतं.

रोमन चर्चच्या जुन्या पंचांगात वर्षातून चार वेळा तीन-तीन दिवसांचे उपास असत. डिसेंबरात संत लुसीच्या सणानंतर, वसंतात राखेच्या बुधवारानंतर (ईस्टरआधीच्या उपासकाळाचा हा पहिला दिवस), उन्हाळ्यात पेंटेकॉस्टनंतर आणि सप्टेंबरात पवित्र क्रुसाच्या सणानंतर. वार ठरलेले: बुधवार, शुक्रवार, शनिवार. वर्षाचे बारा दिवस पोटभर जेवण एकदाच आणि मांस वर्ज्य. लॅटिनमध्ये यांना 'क्वातुओर तेंपोरा' म्हणजे 'चार काळ' म्हणत. पोर्तुगीजांनी त्याचं 'तेंपोराश' केलं. देहाला थोडं दमवावं, निसर्गाच्या देणग्यांबद्दल देवाचे आभार मानावेत, हा हेतू.

मांस वर्ज्य असलं तरी मासा चालत असे, आणि माणूस सगळीकडे सारखाच. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण लिस्बनलाही शोभली असती. तिथे फरसबीच्या शेंगा पिठात घोळवून तळतात; दिसायला अगदी तळलेल्या माशांसारख्या. नावच 'पेइशिन्योश द ओर्ता', म्हणजे परसातले छोटे मासे. मांस सोडलेल्या दिवशी मासा नसला तरी माशाचा भास हवाच!

पुढचा प्रवास ठाऊक आहे. १५४३ मध्ये पोर्तुगीज जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोचले, १५४९ मध्ये गोव्याहून निघालेले फ्रान्सिस झेवियर कागोशिमाला उतरले, १५७१ पासून नागासाकी पोर्तुगीज व्यापाराचं बंदर झालं. जपानी भाषेत तेव्हा शिरलेले शब्द अजून नांदताहेत. आपला 'पाव' आणि जपान्यांचा 'पान' एकाच पोर्तुगीज पोटचे.

मग 'तेंपुरा' हे 'तेंपोराश'च का असू नये?

प्रतिपक्ष तगडा आहे. 'तेंपेरो' म्हणजे पोर्तुगीजमध्ये मसाला, चव आणणारी वस्तू. 'तेंपुरा' त्यावरून आला असं मानणाऱ्यांच्या हाती चांगला पुरावा आहे: नागासाकीच्या जुन्या पद्धतीच्या तेंपुरात मीठ-साखर पिठातच घालतात आणि तो नुसताच खातात, बरोबर बुडवायला रस लागत नाही. शिवाय ते विचारतात, दिवसाचं नाव पदार्थाला कसं चिकटेल?

मराठी वाचकाला हा आक्षेप फारसा भारी वाटणार नाही. 'प्रसाद' म्हणजे कृपा. पण सत्यनारायणाला आलेला पाहुणा "आणखी थोडा प्रसाद घाला" म्हणतो तेव्हा त्याला साजूक तुपातला शिरा हवा असतो. धर्मातला शब्द ताटात उतरायला एवढंच पुरतं. वाद मिटलेला नाही. प्रस्तुत लेखकाचा कल मात्र उपासाकडे आहे.

तिसरी व्युत्पत्ती सगळ्यांत गमतीची. लेखक सांतो क्योदेन यांच्या धाकट्या भावाने ती लिहून ठेवली. ओसाकाहून पळून एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, आलेला एक तरुण तळलेले मासे विकायला निघाला आणि क्योदेनकडे नाव मागायला गेला. क्योदेन म्हणाला, तू तर 'तेन्जिकू रोनिन', म्हणजे भटक्या. भटकत इथे आलास, तेव्हा नाव ठेव 'तेंपुरा'. यातला 'तेन्जिकू' म्हणजे चक्क भारत! कुणाही भारतीयाला ही कथा खरी असावीशी वाटेल. पण १७४८ च्या एका जपानी पाककृतींच्या पुस्तकात मासा पिठात घोळवून तेलात तळण्याला 'तेंपुरा' म्हटलं आहे आणि क्योदेनचा जन्म १७६१ चा. बारसं करणारा बाळानंतर तेरा वर्षांनी जन्मला.

आपल्याकडचे काही अभिमानी म्हणतात, पोर्तुगीजांनी गोव्याची भजीच जपानला नेली. मोह होतो, पण भजी बेसनाची आणि तेंपुरा गव्हाच्या पिठाचा. परसातले मासेही गव्हाच्याच पिठातले. इथे बेसन हरलं.

शब्द राहिला, शब्द आणणारे गेले. १६१४ मध्ये तोकुगावा इएयासू यांच्या राजवटीने देशभर ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली. त्याच इएयासूंनी १६१६ च्या आरंभी तेलात तळलेला ताई मासा खाल्ला, पोट बिघडलं आणि काही महिन्यांत ते वारले. बहुधा मूळ दुखणं वेगळंच असावं, पण 'तेंपुराने मेलेला शोगुन' ही कथा जपान्यांना आवडते. १६३९ मध्ये पोर्तुगीज जहाजांनाही बंदी झाली. नागासाकीजवळच्या सोतोमे भागातले ख्रिस्ती लपून राहिले आणि 'बास्तियानचं पंचांग' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कालगणनेवर पिढ्यान्‌पिढ्या सण-उपास मोजत राहिले. एकीकडे उपास जिवावर बेतणारी गुप्त गोष्ट झाला. दुसरीकडे बहुधा त्याचंच नाव एदोच्या रस्त्यावर हातगाडीवर विकलं जाऊ लागलं.

आता वसई. गोन्सालो गार्सिया यांचा जन्म तिथे १५५६-५७ च्या सुमाराचा. वडील पोर्तुगीज, आई स्थानिक. कोवळ्या वयात ते जेझुइटांबरोबर जपानला गेले, जपानी अस्खलित शिकले, पुढे व्यापार केला आणि मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाले. १५९३ मध्ये फ्रान्सिस्कन पाद्री पेद्रो बाउतिस्ता यांच्याबरोबर ते जपानला परतले ते दुभाषे म्हणून, जपानचे तेव्हाचे सत्ताधीश खुद्द तोयोतोमी हिदेयोशी यांच्यासमोर बोलायला. फ्रान्सिस्कनांचे उपास सामान्य ख्रिस्ती माणसाहून जास्त: दर शुक्रवार, शिवाय नोव्हेंबरच्या आरंभापासून नाताळपर्यंत सलग. "आज पाद्री मांस का खात नाहीत?" या जपानी यजमानाच्या प्रश्नाला उत्तर द्यायला दुभाष्याशिवाय कोण पुढे होणार? 'तेंपोराश' हा शब्द अशाच कुणा गोन्सालोच्या तोंडून जपानी कानांवर पडला असेल. हा तर्क आहे, पुरावा नव्हे; पण वसईकराला तो मोडवणार नाही.

१९६६ मध्ये पोप सहावे पॉल यांनी उपवासाचे नियम सैल केले आणि तेंपोराशची सक्ती संपली. आज बहुतेक कॅथलिक घरांत हे बारा दिवस कुणाला आठवत नाहीत.

पुन्हा गोन्सालोंकडे. हिदेयोशींच्या हुकमाने चोवीस ख्रिस्ती लोकांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांना क्योतोपासून नागासाकीपर्यंत ऐन हिवाळ्यात चालवत नेलं; वाटेत आणखी दोघांची भर पडली. तिथल्या निशिझाका टेकडीवर ५ फेब्रुवारी १५९७ ला या सव्वीस जणांना क्रुसावर चढवलं. त्यांत गोन्सालो होते. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळालं. त्यांना क्रुसावर चढवलं तो दिवस बुधवार होता. त्या वर्षीचा राखेचा बुधवार अजून दोन आठवडे दूर होता.