नाताळचे ताट आणि उपवास

सामरवरणी ज्या नगर हवेलीत आहे ती मराठ्यांशी झालेल्या तहानुसार १७८३ साली पोर्तुगिजांकडे गेली व १९५४ पर्यंत त्यांच्या अमलाखाली राहिली. 'नाताळ' हा आपला शब्दही त्यांच्याच भाषेतून आलेला. त्याचा सोबती 'कोन्सोआद'. गोव्यात शेजाऱ्यांकडे, हिंदूंच्याही घरी, पाठविल्या जाणाऱ्या नेवऱ्या, दोदोल, कलकल यांच्या ताटास हे नाव आहे. मूळ पोर्तुगीज अर्थ मात्र निराळा: उपवासाच्या दिवशी रात्री घ्यावयाचा अल्पाहार! नाताळची पूर्वसंध्या हा पूर्वी ख्रिस्तसभेच्या सर्वसाधारण नियमाप्रमाणे उपवासाचा दिवस होता. म्हणजे तळण चालू आणि तळणारी उपाशी. १९६६ साली पोप सहावे पौल यांनी उपवासाचे बंधन राखेचा बुधवार व उत्तम शुक्रवार एवढ्यापुरतेच ठेवले. उपवास सुटला, ताट उरले. आज तेही पुष्कळदा बाजारातून येते.

जुना नियम पुन्हा लादावा असे आम्ही म्हणत नाही. परंतु पाचव्या शतकात थोर पोप लिओ डिसेंबरच्या उपवासावरील प्रवचनांत शिकवीत, की आपण वर्ज्य केलेले अन्न गरिबाच्या मुखी जावे. शेजारी जाणाऱ्या ताटाचे हे नाते धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण मुलांना कधी सांगितले आहे काय?