सेकंड हँड बोट घेताय? इंजिनाचे 'तास' कसे ओळखायचे

मानखुर्द स्टेशन सोडलं की लोकल वाशीच्या पुलावर येते आणि दोन्ही बाजूंना ठाण्याची खाडी पसरते. ओहोटी असेल तर नुसता चिखल, भरती असेल तर पाणी आणि त्यात एखाददुसरी होडी. ते पाहून 'आपणही मित्रांत वर्गणी काढून एक छोटी बोट घेऊया का?' असं मनात आलं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. नवी बोट आणि नवं इंजिन बऱ्याच जणांच्या बजेटमध्ये बसत नाही. मग जुनी बघायला सुरुवात होते आणि प्रत्येक जाहिरातीत एक आकडा दिसतो: 'इंजिन फक्त १२० तास चाललेलं'. या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा, ते बघूया.

इंजिन तास म्हणजे काय?

बाईकचं वय आपण किलोमीटरमध्ये मोजतो. बोटीचं तसं जमत नाही. प्रवाह, वारा आणि लाटांमुळे तेवढंच अंतर कापायला कधी कमी मेहनत लागते, कधी जास्त. म्हणून इंजिन एकूण किती तास चालू होतं, ते मोजतात. बोटीचं इंजिन सतत पाणी कापत असतं, म्हणजे कायम घाट चढणाऱ्या गाडीसारखं. त्यामुळे बोटीचा एक तास आणि गाडीचा एक तास सारखा धरू नका.

सोपं उदाहरण फोनचं. जुना फोन घेताना तुम्ही बॅटरीची 'सायकल' किती झाली ते बघता, आणि बॅटरी हेल्थ किती टक्के उरली तेही बघता. इंजिनाचे तास म्हणजे सायकलचा आकडा. हेल्थ वेगळी तपासावी लागते. फक्त तास बघून पैसे देणं म्हणजे हेल्थ न बघता फोन घेणं.

आकडा कुठे सापडतो?

१. डॅशबोर्डवरचं मीटर. बघायला सोपं, पण यावर पूर्ण भरवसा नको. मीटर बदललं की मोजणी शून्यापासून सुरू होऊ शकते. काही मीटर नुसती चावी फिरवलेली असली तरी चालू राहतात, तेव्हा आकडा खऱ्यापेक्षा जास्तही दिसतो.

२. इंजिनाचा कॉम्प्युटर. फ्युएल इंजेक्शनच्या फोर-स्ट्रोक इंजिनात ईसीयू असतो आणि बहुतेक वेळा तो तास साठवून ठेवतो. कंपनीचा मेकॅनिक लॅपटॉप जोडून ते वाचतो. यामाहासारख्या कंपन्यांच्या रिपोर्टमध्ये किती तास कोणत्या आरपीएमवर गेले, हेही दिसतं. मीटर आणि ईसीयू यांचे आकडे जुळले नाहीत, तर विक्रेत्याला कारण विचारा. ईसीयूच बदललेला असेल, तर त्याचं बिल मागा.

३. तुमचा फोन. मर्क्युरीच्या इंजिनाला ब्लूटूथ मॉड्यूल लावलेलं असेल, तर कंपनीच्या ॲपमध्ये तास दिसतात. सुझुकीच्या काही मॉडेलमध्ये गेजवर क्यूआर कोड येतो आणि तो कंपनीच्या ॲपने स्कॅन करता येतो. सगळ्याच इंजिनांत ही सोय नसते, म्हणून आधी मॉडेल नंबर विचारा.

४. काहीच नसेल तर? आपल्या किनाऱ्यावर साधी टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिनं भरपूर आहेत. त्यात ना ईसीयू, ना मीटर. तिथे 'दोनशे तास' हा फक्त विक्रेत्याचा अंदाज असतो. अशा वेळी सर्व्हिसिंगची बिलं आणि इंजिनाची तब्येत, एवढंच बघायचं.

आता भागाकार करा

तासांना इंजिनाच्या वयाने भागा. हौसेसाठी वापरलेली बोट वर्षाला साधारण ५० ते १०० तास चालते. समजा, तुमच्यासमोर ८ वर्षं जुनी तीन इंजिनं आहेत.

• १२० तास: वर्षाला १५. ऐकायला छान, पण हे इंजिन बहुतेक काळ पडून होतं. खाऱ्या हवेत पडून राहिलेल्या इंजिनात गंज चढतो, टाकीतलं पेट्रोल खराब होतं, रबराचे भाग कडक होतात.

• ६४० तास: वर्षाला ८०. दर १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा सर्व्हिसिंग केल्याची बिलं असतील, तर तिघांत बहुधा हेच सगळ्यात चांगलं.

• २४०० तास: वर्षाला ३००. ही बोट भाड्याने किंवा वॉटर स्पोर्ट्ससाठी चालवलेली असण्याची शक्यता मोठी. दिवसभर रेस, थांबा, पुन्हा रेस. किंमत खूप कमी असेल आणि दुरुस्तीचा खर्च झेपणार असेल, तरच विचार करा.

मुंबईत आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. पावसाळ्यात समुद्र खवळतो. गेटवे ते मांडवा छोट्या प्रवासी बोटींच्या फेऱ्याही तेव्हा बंद असतात. हौशी बोटी तर किनाऱ्यावर ताडपत्रीखाली जातात. म्हणून 'पावसाळ्याआधी इंजिन गोड्या पाण्याने धुतलं होतं का, पेट्रोल काढलं होतं का?' हा प्रश्न नक्की विचारा.

तब्येत कशी तपासायची?

• थंड इंजिन सुरू करा. पोचल्यावर आधी इंजिनाला हात लावून बघा. गरम असेल तर थांबा. आधीच तापवून ठेवलेल्या इंजिनात स्टार्टिंगचा त्रास लपून जातो.

• कॉम्प्रेशन टेस्ट. हीच खरी 'बॅटरी हेल्थ'. मेकॅनिक प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजतो. सगळे आकडे जवळपास सारखे हवेत. एखादा १० टक्क्यांहून जास्त खाली असेल, तर सावध व्हा.

• गियर ऑइल. दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय. लोखंडाचे बारीक कण दिसले तर गियर झिजलेत.

• पाण्याची धार. आउटबोर्ड चालू असताना मागून थंड पाण्याची धार सलग पडली पाहिजे. खाडीच्या गाळाने पंपाचा इम्पेलर झिजतो, धार बारीक होते आणि इंजिन तापतं.

• पाण्यात चालवून बघा. पिंपात बुडवून सुरू केलेल्या इंजिनावर लोड नसतो. बोट पाण्यात नेऊन फुल रेस द्या. फोर-स्ट्रोक आउटबोर्ड साधारण ५००० ते ६००० आरपीएमपर्यंत जायला हवं. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. ट्रायल घेताना लाइफ जॅकेट घाला. आणि जुलैत 'आत्ता ट्रायल होणार नाही, पण भाव कमी करतो' असं कोणी म्हणालं, तर सप्टेंबरपर्यंत थांबा.

पैसे देण्याआधी

इंजिनावरचा सीरियल नंबर, बिलावरचा नंबर आणि बोटीच्या नोंदणीच्या कागदांवरचा नंबर जुळतो का बघा. नोंदणी आणि मालकी बदलण्यासाठी काय लागतं, ते महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाच्या जवळच्या बंदर कार्यालयात विचारा. मीटर, कागद आणि प्लेट यांचे स्वच्छ फोटो काढून ठेवा. आणि विक्रेत्याचा नाही, तर तुमचा मेकॅनिक सोबत न्या. त्याची एका दिवसाची मजुरी इंजिन उघडण्याच्या खर्चापुढे काहीच नाही.

तासांचा आकडा लपवता येतो, बदलता येतो किंवा चुकूनही सांगितला जातो. कॉम्प्रेशन, गियर ऑइल आणि भर पाण्यातली ट्रायल यांना फसवणं मात्र खूप अवघड आहे. आकडा ऐका, पण निर्णय या तीन गोष्टींवर घ्या.