झाशी : पाषाणाचे नगर

झाशी म्हटले की मराठी मनासमोर उभी राहते ती १८५७ ची रणरागिणी. हे स्मरण यथोचितच आहे; परंतु राणी लक्ष्मीबाईंच्या तेजाने दिपलेल्या दृष्टीला त्यांच्यामागचे नगर सहसा दिसत नाही. त्या नगराचा इतिहास राणीच्या आधी सुरू होतो, तिच्यानंतरही चालू राहतो, आणि त्याचा पाया अक्षरशः दगडाचा आहे.

बुंदेलखंडाची भूमी म्हणजे सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीच्या ग्रॅनाइटचा विस्तीर्ण पट्टा. पाणी फारसे मुरू न देणारा हा खडक शेतकऱ्याचा वैरी आणि पाथरवटाचा पोशिंदा. ओर्छ्याच्या वीरसिंह देवाने १६१३ मध्ये बंगरा टेकडीवर किल्ला उभारला, तो ह्याच खडकाच्या आधाराने. १७२९ मध्ये छत्रसालाच्या साहाय्यास बाजीराव धावून गेले आणि बुंदेलखंडात मराठ्यांचे पाऊल स्थिरावले. १७४२ मध्ये नारो शंकर झाशीस सुभेदार होऊन आला. नाशिकच्या गोदातीरी ज्याच्या देवालयाची घंटा प्रसिद्ध आहे, तोच हा. त्याने किल्ला वाढविला. तो भाग शंकरगढ म्हणून ओळखला जातो. दक्षिणेतील कुटुंबे येथे वसू लागली. पुढे सुभेदारी नेवाळकरांकडे आली आणि शिवराव भाऊंच्या कारकीर्दीत शहराभोवती तट उठला. त्याचा खंडेराव दरवाजा अजूनही मराठी नाव मिरवितो.

१८५४ मध्ये संस्थान खालसा झाले. १८५८ मध्ये ह्यू रोजच्या तोफांनी हा तट फोडला. शहर लुटले गेले, नागरिकांची कत्तल झाली. वरसईचे विष्णुभट गोडसे त्या प्रलयाचे साक्षी होते. त्यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथात ही हकीकत आली आहे. पुढे शहर व किल्ला शिंद्यांकडे गेला आणि १८८६ मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या मोबदल्यात इंग्रजांकडे परत आला.

मोडलेल्या नगराला उभे केले ते लोखंडाने. इंडियन मिडलँड रेल्वेने १८८९ च्या सुमारास झाशीला जंक्शन केले. भोपाळ, आग्रा, कानपूर आणि माणिकपूरचे मार्ग येथे मिळाले. १८९५ मध्ये मालडब्यांच्या दुरुस्तीचा मोठा कारखाना निघाला. १९०० मध्ये ह्या रेल्वेचा कारभार मुंबईच्या ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीकडे गेला. भाले घडविणाऱ्या शहरात आता भोंग्याच्या तालावर पाळ्या बदलू लागल्या. स्वातंत्र्यानंतर, १९७४ मध्ये, भारत हेवी इलेक्ट्रिकल्सचा ट्रान्सफॉर्मरचा कारखाना आला.

दगड मात्र सुटला नाही. रुळांखालची खडी, रस्ते, इमारती ह्यांसाठी आजूबाजूच्या टेकड्या सुरुंगाने फुटतात आणि गोरामछियासारख्या भागांत खडी फोडणारी यंत्रे धडधडतात. पावसाने दगा दिलेल्या वर्षी ह्या खाणी मजुराला भाकरी देतात. पण तीच धूळ त्याच्या छातीत बसते, आणि फुटलेली टेकडी पुन्हा उगवत नाही.

किल्ल्यावर राजांची नावे राहिली. त्याचा दगड फोडणारे अनाम राहिले, आणि आजचे खाणमजूरही तसेच अनाम आहेत. झाशीला वंदन करणाऱ्याने त्या हातांचीही आठवण ठेवावी. कारण राणीने ज्या तटावरून झुंज दिली, तो ह्याच हातांनी रचला होता.