स्टेडियमखालचा शिधा

वजन जसजसे उतरते तसतसा देहाचा नित्याचा खर्चही उतरतो, आणि म्हणूनच आरंभी बेताचा ठरवलेला आहार पुढे बेताचा राहत नाही, या गोष्टीचा विलक्षण काटेकोर दप्तरी पुरावा १९४५ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमखालील प्रयोगशाळेत, युद्धात शस्त्र धरण्यास नकार देणाऱ्या ३६ तरुणांच्या देहांवर, सिद्ध झाला. युरोपातील उपासमारग्रस्तांना पुन्हा कसे पोसावे, हा डॉ. अँसेल कीज यांचा मूळ प्रश्न. परंतु त्यासाठी आधी माणसे रोडवणे प्राप्त होते. २४ आठवड्यांत वजन सुमारे २५ टक्क्यांनी घटावे, अशी प्रत्येकाची उतरती रेषा आगाऊच आखलेली होती, आणि दर आठवड्यास वजनाचा ताळेबंद पाहून, रेषेच्या वर राहिलेल्याच्या शिध्यातून पाव-बटाटे वजा करावेत व खाली गेलेल्यास ते वाढवून द्यावेत, असा शिरस्ता होता. सरासरी शिधा १५७० कॅलरींच्या आसपास. आठवड्याला २२ मैल चालण्यातून मात्र सूट नव्हती. पावाच्या तुकड्याच्या या हिशेबापायी चांगली सुशिक्षित माणसे ताटे चाटू लागली, पाककृतींची पुस्तके जमवू लागली. (स्वेच्छेने आलेल्यांची ही गत, मग सक्तीने उपाशी राहिलेल्यांचे काय बोलावे!) अखेरीस त्यांचा विश्रांतीतील ऊर्जाव्यय सुमारे ४० टक्क्यांनी खाली आला होता, आणि केवळ झिजलेल्या मांसाच्या हिशेबात ही घट पुरती बसत नव्हती. या साऱ्याचा वृत्तांत १९५० साली दोन जाडजूड खंडांत प्रसिद्ध झाला. तोवर युरोपातील उपाशी जनतेला पोसण्याची निकड बव्हंशी सरली होती.