दुभाषी यंत्र आणि वाचकाचे गुपित

मुंबईच्या मोठ्या टपाल कचेरीबाहेरील पत्रलेखकाला निरक्षर मजुराचे सारे घर ठाऊक होई. पत्र लिहवून घ्यायचे तर मन उघडावेच लागे. २०१० साली गूगलने क्रोम ब्राउझरमध्ये भाषांतराची सोय घातली, तेथेही तोच व्यवहार: पानावरील मजकूर कंपनीच्या यंत्रांकडे जाई, तेव्हा अर्थ परत येई. २०१९ मध्ये युरोपीय संघाच्या पैशाने, एडिंबरो, प्राग आदी विद्यापीठे व मोझिला यांनी ‘बर्गमॉट’ प्रकल्प आरंभिला. त्यातूनच २०२३ मध्ये फायरफॉक्सला वाचकाच्याच संगणकावर काम करणारा दुभाषा मिळाला. मजकूर बाहेर जात नाही. परमुलखात नोकरीचा करार वाचणाऱ्या मजुराला अर्थ हवा, तसा आडोसाही हवा. सार्वजनिक पैशाने दोन्ही साधता येतात, हे या इतिहासाने दाखविले आहे.