व्यापारी वास्तूंतील दिव्यांची निवड : क्रॉफर्ड मार्केट ते एलईडी

मुंबईचे क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आजची महात्मा ज्योतिबा फुले मंडई, १८६९ मध्ये बांधून पूर्ण झाले. पुढे तेरा वर्षांनी, १८८२ मध्ये, या मंडईत आणि शहराच्या काही रस्त्यांवर विजेचे दिवे लावण्याचा करार मुंबई नगरपालिकेने ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीशी केला. हिंदुस्थानात विजेने उजळलेली पहिली वास्तू म्हणून या मंडईचा उल्लेख वारंवार होतो. त्या उल्लेखापुढची हकीकत मात्र सहसा सांगितली जात नाही. दुसऱ्याच वर्षी ती कंपनी गुंडाळली गेली आणि मंडईत पुन्हा गॅसचे दिवे लागले.

दिव्यांचा इतिहास सामान्यतः चढत्या पायऱ्यांच्या रूपाने लिहिला जातो. तेलाचा दिवा, मेणबत्ती, गॅस, विजेचा बल्ब, ट्यूबलाइट आणि शेवटी एलईडी, म्हणजे प्रकाश देणारा अर्धसंवाहक डायोड, असा तो क्रम असतो. प्रत्येक नवा दिवा अधिक कार्यक्षम होता, म्हणून त्याने जुन्याची जागा घेतली, असे या मांडणीत गृहीत धरलेले असते. १८८३ मध्ये मंडई गॅसकडे का परतली, याचा उलगडा या मांडणीने होत नाही. व्यापारी वास्तूतील दिव्याची निवड वरवर पाहता दिव्याची निवड दिसते. वस्तुतः ती हिशेबाच्या एका पद्धतीची निवड असते. खर्चाच्या कोणत्या बाबी धरावयाच्या, किती मुदतीसाठी धरावयाच्या आणि तो खर्च कोणी सोसावयाचा, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर ती अवलंबून राहिलेली आहे. गेल्या दोन शतकांतील काही निवडक प्रसंगांच्या आधारे हे तपासून पाहता येते.

१. गिरणीतील जमाखर्च

अशा हिशेबाचा एक आरंभीचा आणि नमुनेदार दाखला इंग्लंडमधील आहे. विल्यम मर्डॉक याने १८०८ मध्ये रॉयल सोसायटीपुढे एक निबंध मांडला. मँचेस्टरलगतच्या सॅल्फर्ड येथील फिलिप्स आणि ली यांच्या सूतगिरणीत त्याने कोळशाच्या गॅसचे दिवे बसविले होते. त्या दिव्यांचा एकूण प्रकाश सुमारे २,५०० मेणबत्त्यांच्या प्रकाशाइतका भरत होता. सरासरी रोज दोन तास दिवे जळतात असे धरून गॅसचा वार्षिक खर्च सुमारे ६०० पौंड येतो आणि तेवढ्याच प्रकाशासाठी चरबीच्या मेणबत्त्यांना सुमारे २,००० पौंड लागले असते, असे त्याने दाखविले.

या आकड्यांतील फरक डोळ्यांत भरणारा आहे. परंतु अभ्यासकाने थांबावे ते दुसऱ्याच एका आकड्यापाशी. कोळशाच्या किमतीतून विकाऊ कोकची किंमत वजा केल्यावर इंधनाचा निव्वळ वार्षिक खर्च अवघा ५२ पौंड उरत होता. उरलेले सुमारे ५५० पौंड भांडवलावरील व्याजाचे आणि यंत्रसामग्रीच्या झिजेचे होते. म्हणजे दिव्यात जे जळत होते त्याची किंमत नाममात्र होती. खरा खर्च भट्टी, टाकी आणि नळ यांचा होता. मर्डॉकने तो झाकला नाही. उलट, त्याला अग्रस्थान देऊनच आपली बाजू सिद्ध केली.

याच निबंधातील आणखी एक तुलना महत्त्वाची आहे. दिवे रोज दोनऐवजी तीन तास जळले, तर मेणबत्त्यांचा खर्च ३,००० पौंडांवर जातो. गॅसचा मात्र ६५० पौंडांपर्यंतच वाढतो. जेथे आरंभीचा खर्च मोठा आणि चालू खर्च थोडा, तेथे वापराचे तास वाढतील तसतसा प्रत्येक तासाचा प्रकाश स्वस्त होत जातो. रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या गिरणीला गॅस परवडला तो या कारणाने. एखाद्या लहान दुकानदाराने स्वतःची भट्टी उभारली असती, तर हाच गॅस त्याला बुडवून गेला असता.

२. मंडईतील दिवे : १८८२ ते १९०६

मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे १८६५-६६ च्या सुमारास आले. १८८२ मध्ये विजेचा प्रयोग करण्यात आला, त्या वेळी गॅसची नळव्यवस्था शहरात रुजलेली होती. विजेच्या पाठीशी मात्र एका नवख्या कंपनीवाचून काही नव्हते. कंपनी गेली आणि तिच्याबरोबर प्रकाशही गेला.

हा प्रकार मुंबईपुरता नव्हता. इंग्लंडमधील गोडाल्मिंग या गावी १८८१ मध्ये सार्वजनिक वीजपुरवठा सुरू झाला. १८८४ मध्ये ते गाव गॅसकडे परतले. लंडनमधील हॉलबर्न व्हायडक्ट येथे एडिसनच्या पद्धतीचे वीजकेंद्र १८८२ मध्ये चालू झाले आणि १८८६ मध्ये बंद पडले; तेथेही पुन्हा गॅस आला. यावरून क्रॉफर्ड मार्केटचे अपयश वसाहतीतील मागासलेपणाच्या खाती टाकणे चुकीचे ठरते. साम्राज्याच्या राजधानीतही त्याच दशकात तेच घडत होते. शिवाय जुने तंत्र स्वस्थ बसले नव्हते. ऑस्ट्रियातील कार्ल आउअर फॉन वेल्सबाख याने १८८५ मध्ये गॅसच्या दिव्यासाठी जाळीचे पेटंट घेतले. पुढे सुधारलेल्या स्वरूपात ही जाळी प्रचारात आली आणि तेवढ्याच गॅसमध्ये कितीतरी अधिक प्रकाश मिळू लागला. त्यामुळे विजेशी गॅसची स्पर्धा आणखी काही दशके टिकून राहिली.

मुंबई नगरपालिकेने विजेचा विचार सोडला नाही. १८९१ मध्ये मंडईचा प्रश्न पुन्हा चर्चेस आला. १८९४ मध्ये एंजिन आणि डायनामो विकत घेण्यासाठी रक्कम मंजूर झाली आणि नगरपालिकेच्या कचेऱ्यांतही विजेचे दिवे लावण्याचे ठरले. पहिल्या प्रयोगात नगरपालिका ग्राहक होती. या दुसऱ्या प्रयोगात ती स्वतःच उत्पादक झाली. कंपनी बुडण्याची भीती यामुळे नाहीशी झाली, पण तिच्या जागी यंत्र सांभाळण्याची जबाबदारी आली. काही वर्षांनी ही यंत्रणा समाधानकारक चालत नाही असे आढळले आणि १९०६ च्या आरंभी ती मोडून मंडईच्या दिव्यांचे काम नव्या वीज कंपनीकडे सोपविण्याचे ठरले.

ही नवी कंपनी म्हणजे इंग्लंडमध्ये १९०५ साली नोंदलेली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी होय. नोव्हेंबर १९०५ मध्ये वाडी बंदर येथे तिचे वीजकेंद्र सुरू झाले आणि ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची ट्राम धावली. कंपनीच्या नावात दिवे आणि ट्राम एकत्र आले आहेत, ही गोष्ट हिशेबाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. केवळ दिव्यांसाठी ठेवलेला डायनामो संध्याकाळचे काही तास चालतो आणि दिवसभर निकामी पडून राहतो. त्याच्या भांडवलाचा सारा बोजा त्या थोड्या तासांवर पडतो. ट्राम मात्र दिवसभर वीज घेते. एकाच केंद्राचा भार दोघांत वाटला गेला की दोघांनाही वीज स्वस्त पडते. मर्डॉकच्या निबंधातील तासांचा नियम येथे शहराच्या प्रमाणावर पुन्हा प्रत्ययास येतो. क्रॉफर्ड मार्केटमध्ये वीज टिकली ती दिवा सुधारला एवढ्याने नव्हे; दिव्यामागची व्यवस्था सुधारली म्हणून टिकली.

३. दिव्याचे आयुष्य आणि रंग

वीजपुरवठा स्थिर झाल्यावर हिशेबाचे केंद्र वीजकेंद्राकडून दिव्याकडे सरकले. आरंभीचा कार्बन तंतूचा बल्ब एका वॅटमागे सुमारे ३ ल्युमेन प्रकाश देई. टंगस्टनच्या तंतूने हे प्रमाण १० आणि त्याहून वर नेले. परंतु तंतूच्या बल्बला एक अटळ अडचण आहे. तंतू अधिक तापविला तर प्रकाश वाढतो, पण तो लवकर तुटतो. कमी तापविला तर पुष्कळ टिकतो, पण वीज वाया जाते. दीर्घ आयुष्य की अधिक कार्यक्षमता, हा निर्णय घेणाऱ्याच्या हिशेबावर ठरतो.

१९२४ मध्ये जिनीव्हा येथे प्रमुख बल्ब उत्पादकांनी फीबस नावाचा संघ स्थापन केला आणि घरगुती बल्बचे आयुष्य १,००० तासांवर बांधून टाकले. ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक टिकणारे बल्ब विकणाऱ्या सभासदांना दंड होत असे. ब्रिटनमधील मक्तेदारीविषयक आयोगाने १९५१ च्या अहवालात १,००० तासांची मर्यादा तांत्रिक दृष्ट्या समर्थनीय तडजोड मानली. तरीही त्यातील खरा मुद्दा नजरेआड होऊ नये. ती तडजोड ग्राहकाच्या वतीने विक्रेत्यांनी आपसांत केली होती. वीज महाग असेल तेथे ती ग्राहकाच्या हिताची ठरली असेल. पण उंच छताला टांगलेला बल्ब बदलण्याची मजुरीच ज्याला भारी पडते, त्या गोदामाच्या मालकाला निवडीचा अधिकार उरला नव्हता.

१९३८ मध्ये अमेरिकेत बाजारात आलेल्या प्रतिदीप्तीच्या नळीने, म्हणजे ट्यूबलाइटने, कार्यक्षमता कित्येक पटींनी वाढविली आणि दुकाने व कचेऱ्या व्यापल्या. तथापि केवळ कार्यक्षमताच निर्णायक असती, तर सोडियमच्या दिव्याने तिलाही हटविले असते. कमी दाबाचा सोडियम दिवा एका वॅटमागे १८० ल्युमेनच्या आसपास प्रकाश देऊ शकतो. पण तो प्रकाश केवळ पिवळा असतो. त्यात लाल साडी आणि हिरवी साडी यांत फरक उमजत नाही. म्हणून हा दिवा महामार्गांवर राहिला, कापडाच्या पेढीत आला नाही. दुकानदार प्रकाश विकत घेतो तो माल दिसावा म्हणून. जो प्रकाश माल दाखवीत नाही, तो कितीही स्वस्त असला तरी त्याच्या जमाखर्चात खर्चाच्याच बाजूला पडतो.

४. एलईडीचा काळ

निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये लाल प्रकाशाचा उपयुक्त डायोड सिद्ध केला. इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांच्या संशोधनातून १९९० च्या दशकात निळा डायोड साध्य झाला. त्यासाठी त्यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्या प्रकाशावर पिवळ्या स्फुरदीप्त द्रव्याचा लेप दिल्याने पांढरा प्रकाश मिळू लागला. आज एका वॅटमागे १०० ल्युमेन वा त्याहून अधिक प्रकाश देणारे एलईडी दिवे साध्या दुकानातही मिळतात.

भारतात या दिव्यांचा प्रसार ज्या वेगाने झाला, त्यामागेही हिशेबाची एक युक्ती होती. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेत एनर्जी एफिशिअन्सी सर्व्हिसेस लिमिटेड या सरकारी कंपनीने बल्बची घाऊक खरेदी केली. २०१४ च्या आरंभी ३१० रुपये असलेली एका बल्बची खरेदी-किंमत दोन-तीन वर्षांत ३८ रुपयांपर्यंत उतरली. ग्राहकाला बल्बची किंमत वीजबिलातून हप्त्याने फेडण्याची सोयही अनेक ठिकाणी होती. आरंभीचा खर्च मुदतीवर पसरविला की कार्यक्षमतेचा अडसर दूर होतो, हे येथे प्रत्यक्षात उतरले.

उजाला योजनेचा रोख घरगुती ग्राहकावर होता. व्यापारी वास्तूंचा विचार २००७ च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेत आढळतो. तीत कचेऱ्यांसाठी दिव्यांचा भार दर चौरस मीटरला १०.८ वॅट आणि किरकोळ विक्रीच्या जागांसाठी १६.१ वॅट अशा कमाल मर्यादा घातल्या होत्या; २०१७ च्या आवृत्तीत ही चौकट अधिक कडक झाली. परंतु ही संहिता १०० किलोवॉट वा त्याहून अधिक जोडभाराच्या वास्तूंसाठी योजलेली होती आणि तिची अंमलबजावणी राज्यांच्या अधिसूचनांवर अवलंबून होती. बाजारपेठेतील सामान्य गाळा तिच्या कक्षेबाहेरच राहिला.

त्या गाळ्यातील निवड मर्डॉकच्या पद्धतीनेच तपासावी लागते. ३६ वॅटची जुनी ट्यूबलाइट चोकसह सुमारे ४८ वॅट घेते. तिच्या जागी २० वॅटची एलईडी नळी बसविली तर २८ वॅट वाचतात. दिवसाला १२ तास आणि वर्षाला ३०० दिवस उघड्या असलेल्या दुकानात ही बचत वर्षाला सुमारे १०० युनिट भरते. त्याच दुकानाच्या माळ्यावर रोज एक तास लागणाऱ्या दिव्यात ती ८ युनिटांच्या थोडी वर जाते. दिवा एकच, किंमत एकच. तासांनी निकाल बदलतो. दुकान वातानुकूलित असेल तर बचत आणखी वाढते, कारण दिव्याची उष्णता बाहेर काढण्यासाठीही वीज लागते.

झिजेची बाबही अशीच आहे. एलईडी दिव्याचे आयुष्य बहुधा प्रकाश मूळच्या ७० टक्क्यांवर येईपर्यंतच्या तासांत सांगितले जाते. पण दिवा निकामी होतो तो पुष्कळदा त्याआधीच, वीज नियंत्रित करणारा ड्रायव्हर बिघडल्याने. कोंदट जागी किंवा बंद छताच्या आत उष्णता साचली की हे लवकर घडते. वेष्टनावरील तासांचा आकडा डायोडचा असतो. दुकानदार मात्र संपूर्ण दिवा विकत घेत असतो.

तिसरा प्रश्न खर्च कोणाचा, हा होय. क्रॉफर्ड मार्केटमध्ये वास्तूची मालक नगरपालिका होती आणि दिव्यांचा निर्णयही तिचाच होता. त्यामुळे आरंभीचा खर्च आणि पुढील लाभ एकाच वहीत येत होते. आजच्या भाड्याच्या गाळ्यांत बांधीव दिवे पुष्कळदा मालक बसवितो आणि वीजबिल भाडेकरू भरतो. मालक स्वस्त दिवा घेतो. भाडेकरू अकरा महिन्यांच्या करारावर चांगल्या दिव्याचा खर्च करण्यास कचरतो. दोघांचेही वर्तन आपापल्या वहीपुरते शहाणपणाचे असते आणि दोन्ही वह्या मिळून वीज मात्र वाया जाते.

५. उपसंहार

या सर्व प्रसंगांतून एक सूत्र निष्पन्न होते. सॅल्फर्डच्या गिरणीत भांडवल, झीज आणि तास एकाच कागदावर मांडले गेले, म्हणून निर्णय टिकला. १८८२ च्या मंडईत पुरवठ्याच्या स्थैर्याला पुरेसा आधार नव्हता आणि १८९४ नंतर यंत्राच्या देखभालीने घात केला. फीबसच्या काळात तडजोड ग्राहकाच्या हाती राहिली नाही. एलईडीने प्रकाशाची वीज इतकी घटविली आहे की उरलेल्या बाबींना, म्हणजे ड्रायव्हर, रंग, मजुरी आणि मालकी यांना, पूर्वीपेक्षा अधिक वजन आले आहे. मर्डॉकच्या जमाखर्चात इंधनाचे ५२ पौंड ज्या स्थानी होते, त्याच स्थानाकडे आज वीज सरकत आहे.

म्हणून व्यापारी वास्तूसाठी दिवा निवडताना वॅट आणि ल्युमेन यांच्या तुलनेवर विसंबणे अपुरे ठरते. दुसऱ्या वर्षी तो दिवा बंद पडला तर दुरुस्त कोण करणार आणि त्याचा खर्च कोणाच्या वहीत पडणार, हा प्रश्न खरेदीच्या दिवशीच विचारला गेला पाहिजे. १८८३ मध्ये क्रॉफर्ड मार्केटला तो उशिरा विचारावा लागला.